ऑक्सिजनची चावी

मी ऑक्सिजनच्या सिलिंडरची एक जुनी चावी आहे. तळहातात मावेल एवढं लोखंड, टोकाला चौकोनी भोक. मित्रांनो, माझ्याजवळ सांगण्यासारखं थोडंच आहे, आणि तेही फारसं चांगलं नाही.

कारखान्यातून आले तेव्हा मी चकचकीत होते. मला फिरवलं की सिलिंडर फुस्स करायचा आणि कुणाच्या तरी छातीवरचं ओझं उतरायचं. आपल्या जन्माचं सार्थक झालं, असं मला वाटायचं.

वॉर्डात चावी मी एकटीच. पुढे मोठ्या ताई मला आपल्या खिशात ठेवू लागल्या. त्या वॉर्डातल्या सर्वांत जुन्या परिचारिका. नव्याने लागलेली मुलगी चावी मागायला आली, की चहाच्या खोलीतल्या सगळ्याजणी गप्पा थांबवून बघत बसायच्या.

"ताई, चावी हवी होती."

"जरा मोठ्याने. आम्ही काय तुझ्या मैत्रिणी आहोत, कुजबुजायला?"

सगळ्या हसायच्या. ताई मला बोटाभोवती फिरवत राहायच्या. "आम्हीही असंच शिकलो," म्हणायच्या, आणि मग द्यायच्या.

एका दुपारी खिडकीजवळच्या आजींचा सिलिंडर संपला. भरलेला शेजारीच उभा होता. मी खिशात होते, त्यामुळे पुढचं मला नंतर कळलं. तेव्हाच्या नव्या मुलीने, मी जिच्यावर बसते ती सिलिंडरची चौकोनी खुंटी आधी नुसत्या बोटांनी पिळून पाहिली, मग कात्रीत धरून. आजींची लेक म्हणाली, "सिस्टर, आईचे ओठ बघा ना कसे झालेत." तरी ती मागायला आली नाही. उशी उंच केली, पुन्हा पिळलं. शेवटी आली तेव्हा तिची बोटं सोलली होती. तिचा चेहरा पाहून ताईंनी मला मुकाट्याने दिलं. मी फिरले, सिलिंडर फुस्स झाला. आजी मात्र गेल्या होत्या.

"वय झालं होतं हो," ताई लेकीला म्हणाल्या. नवी भिंतीकडे बघत उभी राहिली.

ताई निवृत्त झाल्या. नवी आता जुनी झाली आहे आणि मी तिच्या खिशात असते. काल नुकतीच कामाला लागलेली एक मुलगी दारात घुटमळली. "ताई, चावी..."

चहाच्या खोलीतल्या सगळ्या हिच्या तोंडाकडे बघू लागल्या. हिने खिशात मला घट्ट धरलं.

"आधी हे कप विसळून आण."

मुलगी कप घेऊन नळाकडे गेली. चावी कुणासाठी हवी होती, हे तिला कुणी विचारलंच नाही.

मित्रांनो, लोखंडाला ओरडता येत नाही. तुमच्यापैकी कुणी पुढे अशा वॉर्डात काम कराल, तर मला कुणाच्याही खिशात राहू देऊ नका. सिलिंडरच्या मानेलाच दोरीने बांधून ठेवा, म्हणजे कुणालाही मला मागावं लागणार नाही.