पाचव्या होडीचा दोर

बिल्ल्यांच्या कारखान्यातले मास्तर नव्या आरेखक मुलीला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत. हाकही 'डिग्री' अशीच मारत. तिची सहा महिन्यांची उमेदवारी संपत आली होती. कायम करायचं की घरी पाठवायचं, ते मास्तरांच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

अशात लष्कराच्या पूल बांधणाऱ्या पलटणीची मागणी आली. जुना साचा झिजला होता, नवा हवा होता. बिल्ल्यावर वरून दिसणारा होड्यांचा पूल होता. पाच होड्या, सगळ्यांची तोंडं प्रवाह येतो त्या बाजूला. चार होड्यांचे नांगरदोर तोंडाकडून पुढे गेलेले, पाचवीचा मात्र मागे.

तिनं भिंग लावून पुन्हा पाहिलं. "मास्तर, हा दोर उलटा आहे. नांगर खालच्या अंगाला टाकला तर होडी वाहून जाईल."

मास्तरांनी हातातला चहाचा कपही खाली ठेवला नाही. "मग कर की सुलटा. एवढी शिकलीस ती कशाला?"

तिच्या आराखड्यावर त्यांनी चकार शब्द न काढता सही केली. तिला नवल वाटलं, आणि बरंही. साचा कोरला गेला, पाचशे बिल्ले तयार झाले.

ते न्यायला पलटणीचे सुभेदार आले. पहिलाच बिल्ला तळहातावर घेताच त्यांनी दुसरा हात वर केला, आणि ठोकयंत्रावरच्या माणसानं यंत्र थांबवलं.

"दोर कुणी फिरवला?"

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," मास्तर म्हणाले. "ही आमची डिग्री."

"मीच फिरवला," ती म्हणाली. "चुकीचा होता तो."

"चुकीचाच आहे. आमच्याच माणसानं तसा टाकला होता. पूल तुटला, चौघं बुडाले. तेव्हापासून ती चूक आम्ही खांद्यावर वागवतो. नव्या जवानाला पहिला प्रश्न हाच, बिल्ल्यात चुकलंय काय? आता काय विचारू त्याला?"

तिनं बिल्ल्यावरच्या सुलट्या दोराकडे पाहिलं.

सुभेदार मास्तरांकडे वळले. "जुना साचा तुम्ही कोरलात. हे सगळं मी तुम्हाला याच खोलीत सांगितलं होतं."

"मी बजावलं होतं हिला. ऐकेल तर ना."

तिनं खणातून आराखडा काढून टेबलावर ठेवला. खाली मास्तरांची सही होती. ती सुभेदारांनी दोनदा वाचली.

"अशा माणसाला आम्ही पुलावर उभं करत नाही," ते म्हणाले. "नवा साचा हीच करेल. आणि बाई, तुम्हीही फुगू नका. उलटं दिसलं तर का उलटं आहे, ते आधी विचारायचं असतं."

मास्तरांच्या शेऱ्याची वाट न पाहता कारखान्याच्या मालकांनी तिला कायम केलं. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी तिचं टेबल ठोकयंत्राला चिकटवून लावलं. कानठळ्या बसत होत्या. ती कागदावर वाकली, पाचव्या होडीपाशी थांबली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मास्तर, हा दोर नेमका किती चुकवायचा?"

यंत्र थांबलं. मास्तरांना उठून तिच्या टेबलापाशी यावंच लागलं.