केळ्यांची तुला

स्वरूप जन्मला तेव्हा जेमतेम पावणेदोन किलोचा होता. त्याआधीची आमची दोन बाळं हाती लागली नव्हती. म्हणून मी गावदेवीला नवस बोललो, पोर जगलं तर दर माघातल्या जत्रेला आमच्या वाडीतल्या राजेळी केळ्यांनी त्याची तुला करीन. पोर जगलं. नुसतं जगलं नाही, चांगलं बाळसं धरलं.

पहिल्या तुलेला चार-पाच फण्या पुरल्या. पुढे घडच्या घड लागू लागले आणि माझी छाती फुगत गेली. बोळिंजपासून आगाशीपर्यंत मी सगळ्यांना ऐकवायचो, "भालचंद्राच्या पोराला तोलायला वाडी रिकामी करावी लागते!" जत्रेआधी महिनाभर त्याच्या ताटात तुपाची धार थांबत नसे. गेल्या सालापेक्षा केळी कमी लागली तर चारचौघांत नाक कापलं जाईल, असं मला वाटायचं. इतका मी मूर्ख.

बाविसाव्या वर्षी तो एकशे अठरा किलोंचा होता. नोकरीसाठी तपासणी केली, तर रक्तदाब चढलेला आणि लघवीतून प्रथिनं जात होती. डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडं आहेत तेवढीच आहेत, अंग मात्र दुप्पट झालंय. एवढ्या अंगाचं रक्त गाळता गाळता त्यांची गाळणी खराब होते. वजन उतरवा, अजून वेळ आहे."

स्वरूपने मनावर घेतलं. रोज संध्याकाळी चालायला जायचा, ताटातला भात अर्धा करायचा. मी त्याला हसलो. "खात्यापित्या घरचा आहेस, दुखणाईत दिसायचंय का?" जत्रा तोंडावर आली होती. त्याने चालणं सोडलं.

आता तो तिशीत आहे आणि आठवड्यातून तीनदा मनवेलपाड्याला डायलिसिसला जातो. तिथेही काटा आहे. आत जाताना वजन, बाहेर येताना वजन. मधला फरक म्हणजे अंगात साठलेलं पाणी. आणि केळं त्याला वर्ज्य, त्यातलं पोटॅशियम बाधतं. केळीवाल्याच्या पोराला!

मूत्रपिंड द्यायला घरात दोघंच. सुभद्राला, माझ्या बायकोला, मधुमेह. राहिलो मी. पण मी वजनावरच अडलो. "सोळा किलो उतरवा, मग पुढच्या तपासण्या करू," डॉक्टर म्हणाले. दर रविवारी मी वाडीतल्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात बसायचो आणि सुभद्रा दुसऱ्यात केळी ठेवायची. महिन्याकाठी एखादी फणी कमी झाली की ती नकळत हसायची. सात महिन्यांत सोळा किलो उतरले.

मग तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिले. माझ्याही लघवीतून प्रथिनं जात होती.

"वजन उतरवलंत ते फार बरं केलंत, तुमची मूत्रपिंडं टिकतील," ते म्हणाले. "पण त्यातलं एक देता येणार नाही."

माझी टिकवून काय करू, असं ओठांवर आलं होतं. स्वरूप शेजारीच बसला होता, म्हणून गिळलं.

माघ आला. मी म्हटलं, यंदा केळ्यांची तुला नको. स्वरूपच म्हणाला, "बाबा, नवस मी जगावं म्हणून होता ना? मग जगतोय की अजून."

देवळाच्या आवारात तो पारड्यात बसला. मी फण्या ठेवत गेलो. दुखण्याने त्याचं अंग पार झडलं होतं. किती थोड्या लागल्या! काटा मध्यावर आला, मी देवीला हात जोडणार, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "बाबा, दोन फण्या काढा. तेवढं पाणी आहे. उद्या डायलिसिस आहे."

मी दोन फण्या उचलल्या. त्याचं पारडं खाली बसलं. पूर्वी ते असं बसलं की मी गावभर मिरवायचो. आज लोक प्रसादासाठी हात पुढे करून उभे होते आणि मी त्या दोन फण्या पोटाशी धरून सगळ्यांसमोर रडत होतो.