बरी आहेस ना?

आई बाथरूममध्ये पडली आणि सुबोध देवस्थळीच्या घरातलं सगळं वेळापत्रक तिच्याबरोबर जमिनीवर आलं.

ही गोष्ट गेल्या वर्षीची, दोन हजार सहा सालची. सिंगापूरमध्ये जुरोंग ईस्टला सुबोधचा टापटिपीचा फ्लॅट. तो एका बँकेच्या ऑडिट विभागात मोठ्या हुद्द्यावर, बायको सुलेखा बुओना व्हिस्टाला एका सॉफ्टवेअर कंपनीत. दोघं सकाळी बाहेर पडायची ती दिवेलागणीनंतर परतायची. नाशिकचं घर बंद करून आई आपल्या एकुलत्या एका मुलाकडे आली तेव्हा हिंडती-फिरती होती, खाली बाकावर जाऊन बसत होती. खुब्याच्या ऑपरेशननंतर मात्र ती उठलीच नाही. तिला उचलताना घरकामाच्या मुलीची कंबर धरली, ती गेली. दुसरी आली, तीही टिकली नाही. सुलेखाची रजा संपली, मग सुबोधची संपली. शेवटी एका रात्री जेवणाच्या टेबलावर नर्सिंग होमचा, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना कायमचं सांभाळणाऱ्या ठिकाणाचा, विषय निघाला.

आई आतल्या खोलीत पडून सगळं ऐकत होती. सुबोध चाचरत तिच्याशी बोलायला गेला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला सोयीचं असेल तसं करा."

वाचकहो, लगेच नावं ठेवू नका. "आम्ही नसतं ठेवलं बाई!" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या आया अजून स्वतःच्या पायांवर चालत असतात. सुबोधने आईला टाकली नाही. उलट तिच्यासाठी उत्तमातलं उत्तम शोधायचं असा त्याने चंग बांधला.

आणि शोधायचं म्हणजे कसं? तर बँकेची शाखा तपासायला निघाल्यासारखं! या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याने नर्सिंग होमं पालथी घातली. खिडकीच्या कडेवरून बोट फिरवून धूळ बघितली. संडासाच्या दारात उभं राहून वास घेतला. पलंगाचे कठडे हलवून बघितले, नर्सेस किती, डॉक्टर कधी येतो, आग लागली तर बाहेर कसं काढणार, सगळं विचारलं. सगळ्यांत वरचे गुण मरीन परेडजवळच्या एका होमला मिळाले. तिथली फरशी आरशासारखी होती, समुद्राचा वारा होता आणि स्वयंपाकघरात शाकाहारी डबा वेगळा निघत होता. घरापासून लांब होतं, पण चांगल्या गोष्टीसाठी तेवढं चालायचंच.

आई तिथे गेली आणि सुबोध दर रविवारी सकाळी तिला भेटायला जाऊ लागला. ट्रेन, मग बस. आत शिरला की त्याची नजर आधी फरशीवरून फिरायची, मग चादरीवरून. मग तो आईजवळ खुर्ची ओढून बसायचा.

"आई, बरी आहेस ना?"

"हो."

"जेवण जातंय ना?"

"जातंय की."

"झोप लागते ना?"

"लागते."

सगळं ठीक! मग तो नाशिकची बातमी सांगायचा, मोसंबी सोलून द्यायचा. आई एक-दोन फोडी खायची आणि म्हणायची, "तू नीघ आता, ऊन होईल."

एका रविवारी तो गेला तर आईचे केस कानापर्यंत कापलेले. जन्मभर अंबाडा घालणारी बाई ती. सुबोध दारातच क्षणभर थबकला. पण मग हसून म्हणाला, "अरे वा! सुटसुटीत झालं ना?"

आईने मानेमागे हात नेला. तिथे काहीच नव्हतं. "हो," ती म्हणाली.

ती वाळत चालली होती, हे सुलेखाच्या लक्षात आलं होतं. "या वयात होतं असं," सुबोध म्हणाला. गणपतीत मंडळाच्या जेवणाला त्याने दोन ओळखीच्यांना हेच होम सुचवलंसुद्धा. "डोळे झाकून ठेवा," असं त्याने सांगितलं. खरोखर ते त्याचेच शब्द होते.

आणि मग एका कामाच्या दिवशी, भर मीटिंगमध्ये, फोन आला. आईला खूप ताप आहे, शुद्ध हरपते आहे, हॉस्पिटलमध्ये हलवलंय.

तरुण चिनी डॉक्टरने सुबोधला बाजूला घेतलं आणि आईला कुशीवर वळवून चादर उचलली. माकडहाडावर सुबोधची मूठ मावेल एवढी जखम होती. काळी पडलेली, आत खोल. एका जागी पडून पडून झालेली. डॉक्टर सांगत होता की पू हाडापर्यंत गेलाय, विष रक्तात उतरलंय, अंगात पाणीही फार कमी आहे. आज ऑपरेशन करून जखम साफ करू, पण वय बघता काही सांगता येत नाही.

"ही जखम एका दिवसाची नाही," डॉक्टर म्हणाला. "तुम्ही भेटायला जात नव्हता का?"

जात होता हो! दर रविवारी जात होता! पण तो समोर बसत होता आणि जखम पाठीला होती. सुबोध भिंतीला टेकला आणि लहान मुलासारखा रडला. येणारे-जाणारे बघत होते, त्याला त्याची शुद्ध नव्हती.

ऑपरेशन झालं. आई अतिदक्षता विभागात होती, जवळ बसू देत नव्हते. दुसऱ्या दिवशी सुबोध तडक मरीन परेडला गेला. आईचं सामान आणायचं निमित्त होतं, पण खरं तर त्याला कुणाच्या तरी अंगावर ओरडायचं होतं. तो ओरडलाही. मजल्यावरची मलेशियन सिस्टर हात जोडून उभी राहिली. "वुई डू ड्रेसिंग, सर. वुई आस्क आँटी एव्हरी टाइम, ओके ऑर नॉट? शी ऑल्वेज स्माइल लाह. वॉटर ऑल्सो, शी से नो. शी नेव्हर कम्प्लेन."

"म्हणून मरू द्यायचं का तिला?" सुबोध मराठीतच किंचाळला.

"दमानं घ्या," मागून कुणीतरी मराठीत म्हणालं.

शेजारच्या पलंगापाशी एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. हातात पेजेची वाटी, गुडघ्यावर नॅपकिन. ते प्रतापराव, बोटीवरचे निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या पत्नीची वाचा अर्धांगवायूने गेली होती, आणि ते रोज संध्याकाळी तिला भरवायला येत. रविवारी त्यांची मुलगी यायची, म्हणून सुबोधची आणि त्यांची गाठ कधी पडली नव्हती. बायकोचं तोंड पुसून ते उठले आणि सुबोधला व्हरांड्यात घेऊन आले.

"तुम्ही त्या देवस्थळीबाईंचे चिरंजीव. कशा आहेत?"

सुबोधने सांगितलं.

"त्या रागवायच्या नाहीत, म्हणून असं झालं," प्रतापराव म्हणाले. "अहो, इथल्या पोरी वाईट नाहीत, पण दोघींवर अख्खा मजला आहे. जो विव्हळतो त्याच्याकडे त्या आधी धावतात. जो हसतो, त्याच्याकडे जायचं राहून जातं. चूक त्यांची आहेच. तक्रार करा, मीही सही करीन. पण एक विचारू? तुम्ही आईंना काय विचारायचात?"

"म्हणजे? बरी आहेस ना, जेवलीस ना..."

"ना! ना! ना!" म्हातारा एकदम उसळला. "प्रत्येक प्रश्नाच्या शेपटाला तुम्ही 'ना' बांधता, साहेब! 'बरी आहेस ना' हा प्रश्न आहे का? ही विनवणी आहे. 'हो म्हण गं बाई, म्हणजे मी मोकळा झालो!' आईला ते कळत नाही होय? तिने जन्मभर तुमचं मन राखलं, ते आता शेवटी मोडेल ती? बँकेत असं तपासता? 'हिशोब बरोबर आहे ना?' विचारता आणि सही करून घरी जाता?"

मग प्रतापरावांनी आवाज खाली आणला.

"त्यांना पाठीखाली टोचायचं. माझ्यापाशी बोलल्या होत्या. पाणी प्यायच्या नाहीत, कारण मग लघवीला लागतं आणि परक्या बाईला लंगोट बदलायला सांगायचं लाजिरवाणं होतं. मी सिस्टरला दोनदा सांगितलं, पण मी पडलो तिऱ्हाईत. त्यांना म्हटलं, मुलाचा नंबर द्या, मी फोन करतो. तर काय म्हणाल्या, ठाऊक आहे?"

"काय?"

"म्हणाल्या, 'नको हो. त्याने इतकं बघून बघून हे ठिकाण निवडलंय. त्याला वाईट वाटेल.'"

म्हणजे ज्या निवडीचा सुबोधला अभिमान होता, ती जपायला आई हाडापर्यंत सडत पडली होती! त्याने वर्गात पहिलं आलेलं मूल मिरवावं तसं ते होम मिरवलं होतं, आणि त्याचा निकाल खोटा ठरू नये म्हणून ती हसत होती. देवा, अशी आई असू नये, असं त्याला त्या क्षणी वाटलं. आणि त्याहून जास्त, असा मुलगा असू नये.

"काका, आता काय करू?" त्याने विचारलं.

"विचारा. आणि उत्तर येईपर्यंत उठू नका," प्रतापराव म्हणाले. "होम कसं आहे हे फरशीला विचारून कळत नाही. पांघरूण उचलून बघावं लागतं. पाण्याचा पेला हाताच्या टप्प्यात आहे का, ओठ सुकलेत का, टाचा लाल झाल्यात का. आणि रविवारी सकाळी सगळीच घरं आवरलेली असतात. अवेळी या."

ते पुन्हा आत गेले. पेज निवत होती.

आईचा ताप उतरला, पण ती तोंड उघडत नव्हती. साध्या वॉर्डात आणल्यावर सुबोध तिच्याजवळ बसला. सुलेखा पायांशी उभी होती. आईने डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं, आणि सवयीने हसायला लागली.

"आई, कुठे दुखतंय?"

"काही नाही रे. मी बरी आहे."

त्याला उठून जावंसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आईची भीती वाटली. पण तो बसून राहिला.

"कुठे दुखतंय, आई?"

ती छताकडे बघत राहिली. खूप वेळाने तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं आणि कापलेल्या केसांत गेलं.

"सगळं दुखतंय रे," ती म्हणाली. आणि मग बांध फुटला! तिथला चहा म्हणजे गोड पाणी. हाक मारायला मराठी शब्द चालत नाही, इंग्रजी येत नाही, मग मुकी असल्यासारखं पडायचं. केस कापताना कुणी विचारलं नाही. ओल्यात किती वेळ पडून राहायचं. ती बोलत होती, दम लागत होता, थांबत होती, पुन्हा बोलत होती. सुलेखाने येऊन तिचा हात धरला.

शेवटी आई सुबोधकडे वळून म्हणाली, "आणि तू मला तिथे ठेवलंस, ते मला आवडलं नाही. अजिबात आवडलं नाही."

किती उत्तरं होती सुबोधजवळ! नोकरी, रजा, घरकामाच्या मुली. यांतलं काहीच खोटं नव्हतं. पण त्याने ती सगळी गिळली. "हो, आई," एवढंच तो म्हणाला, आणि तिच्या हातावर डोकं टेकवून रडला. तिने दुसरा हात उचलायचा प्रयत्न केला. तो उचलला गेला नाही.

वाचकहो, टाळ्या वाजवू नका. ती जखम पूर्ण भरली नाही, आई पुन्हा बसू शकली नाही, आणि तिला घरी ठेवणंही जमलं नाही. सुबोधने तक्रार केली, चौकशी झाली, पण तिच्या हाडावरचं मांस काही परत आलं नाही. आता ती जुरोंग ईस्टलाच एका जुनाट होममध्ये आहे. फरशीला तडे आहेत, खिडकीतून समोरची इमारत दिसते. सुबोध आणि सुलेखा ऑफिसातून येताना वाकडी वाट करून तिथे जातात, कधी जेवणाच्या वेळी, कधी मध्येच. आधी पांघरूण उचलतात. मग विचारतात, आज काय काय आवडलं नाही? आई सांगते आणि ती दोघं ऐकतात. एखाद्या दिवशी ऐकवत नाही, तरी ऐकतात.

आपल्यापैकी कितीतरी जणांची माणसं अशा ठिकाणी आहेत, उद्या आणखी असतील, परवा आपणही असू. चांगलं होम शोधा, जरूर शोधा. पण एकदा निवडून काम संपत नाही. आपल्याला ऐकायला सोपं जाईल तेच जर आपण विचारणार असू, तर आपली माणसं आपल्याला सांभाळून घेतील आणि गुपचूप मरतील. ती प्रेमापोटी खोटं बोलतात. ते खोटं मोडून काढणं हे आपलं काम आहे, नर्सचं नाही.

परवा सुबोध मजल्यावर पोचला तेव्हा नवी नर्स आईला कूस न बदलताच पुढच्या पलंगाकडे निघाली होती. आईने कठड्यावर वाटी आपटली. शिकून घेतलेल्या मोडक्या इंग्रजीत ती मोठ्याने ओरडली, "यू वेट! माय सन कमिंग. आय टेल हिम!"

नर्स मागे फिरली. सुबोध दाराबाहेरच थांबला आणि आईची कूस बदलून होईपर्यंत आत गेला नाही. होम कोणतंही असो, तिथल्या पलंगावरचं माणूस असं ओरडू शकत असेल, तर तिथली देखभाल ठीक चालली आहे असं समजावं.