दोन आवाजांची डबी

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. पत्र्याची, एका अंगाने चेपलेली. मला बघून हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग ऐका.

पूर्वी माझ्यात तंबाखू असे. माझे मालक देवमन अकोल्याच्या जठारपेठेत रेडिओ दुरुस्त करीत. त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, आवाज बसला, तंबाखू सुटली. मी खिडकीत गंज खात पडले.

त्यांची मुलगी दीक्षा नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करते. तिचा क्लास अमरावतीचा, पण घरीच संगणकावर ऐकायचा. घराच्या भिंतीला लागून पिठाची चक्की. हेडफोन लावल्याशिवाय सरांचा शब्द कळत नसे, आणि लावला की मागच्या खोलीतली बाबांची हाक ऐकू येत नसे. तिचे किशोरकाका रोज येऊन सांगत, पोरी, क्लास सोड, बापाकडे लक्ष दे.

देवमन यांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने मला उचललं. दीक्षाने मला घट्ट धरलं आणि त्यांनी कथील वितळवून डाग देत माझ्यात वायरी जोडल्या. दोन वायरी आत, एक बाहेर, हेडफोनकडे. आत येणाऱ्या दोन्ही वाटांवर त्यांनी वीज रोखणारे छोटे रेझिस्टन्स बसवले, म्हणजे एक यंत्र दुसऱ्याला दाबणार नाही. एका वायरीला संगणक. दुसरीला दीक्षाचा मोबाइल, आणि बाबांच्या उशाशी ठेवलेल्या मोबाइलवरून त्यावर फोन चालू. सर शिकवत असतानाच तिच्या कानात येई, "दीक्षे, पाणी." ती उठे, पाणी देई, पुन्हा बसे.

चार महिने मी एकही हाक चुकवली नाही. मग काकांनी बाजारातून हेडफोनचा गुळगुळीत जोड आणला. "हे तंबाखूचं डबडं फेक वं," ते म्हणाले. तो जोड एका मोबाइलचं गाणं दोघांनी ऐकण्यासाठी असतो. काकांनी तो उलटा लावला, दोन तोंडांना दोन यंत्रं आणि एका टोकाला हेडफोन. मी परत खिडकीत. दोन्ही यंत्रं एकाच तारेत भिडली. सरांचा आवाज फाटला, बाबांचा तर गेलाच. दीक्षाला वाटलं, बाबा झोपले असतील. क्लास संपवून ती मागे गेली, तेव्हा ते खाटेवरून पडून फरशीवर होते. तासभर हाका मारून घसा कोरडा झाला होता.

काकांनी विचारलं, "आता तरी क्लास सोडशील का नाही?"

दीक्षाने बाबांना उठवून बसवलं. "क्लास बी करीन, बाबाले बी पाहीन," ती म्हणाली. "काका, तुमचा जोड तेवढा घेऊन जा."

देवमन खिडकीकडे बोट करून म्हणाले, "माही डबी आन."

आता मी टेबलावर आहे. परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. काका येतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. न बघोत.

मित्रांनो, मला तुमची कीव नको. धूळ पुसा, डाग सुटला तर पुन्हा द्या, आणि जुनी वस्तू फेकण्याआधी तिचं झाकण एकदा उघडून बघा. एवढंच माझं मागणं.

चला, चक्की सुरू झाली. सर बोलू लागले. मागून बाबांनी हाक मारली आहे. बघा, दीक्षा उठली.