काचेवरचा गुलाबी रंग

१२ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी झिमझिम, दुपारी उघडीप. हवा दमट, मूर्ती वाळायला वेळ घेतायत.

मी पेणजवळच्या जोहे गावातल्या हैबतरावांच्या गणपती कारखान्यातला रेडिओ बोलतोय. खांबाजवळच्या फळीवर माझी जागा. रोह्याच्या याकूबशेठच्या दुकानातून हैबतरावांनी मला आणलं, तेव्हा माझी काच लखलखीत होती, काटा लाल होता. इथे आल्यावर मात्र माझ्या नशिबी एकच केंद्र आलं, जाहिरातींचं. वर्षानुवर्षं मी गाद्या, गुडघ्याचं तेल आणि फ्लॅट विकत राहिलो. मध्येच एखादं गाणं, तेही अर्ध्यात कापलेलं.

आखणीच्या वेळी तर माझं तोंडच बंद. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. हैबतरावांचा नियम असा, की आखणी सुरू झाली की पंखा बंद, रेडिओ बंद, बोलणं बंद. श्वास धरून ते एका दमात पापणीची रेघ ओढत.

गेल्या वर्षापासून त्यांचा हात कापू लागला. गावाला कळलं नव्हतं. मला फळीवरून दिसायचं. डोळे आखणारं दुसरं कोणी नाही, आणि डोळ्यांवाचून मूर्ती कारखान्याबाहेर पडत नाही. सून प्रणिता शिकत होती, पण त्या शांततेत तिचा हात जागीच गोठायचा.

"तुझ्याच्यानं नाय व्हायचं गो," ते म्हणायचे. रागाने नाही, थकून.

जूनमध्ये कारागीर मोरूने घोळ घातला. मूर्तींना अंगाचा गुलाबी रंग मारताना माझ्यावर फडकं टाकायला विसरला. स्प्रे-गनचा फवारा थेट माझ्या तोंडावर! आकडे गेले, काटा गेला. पुसायच्या नादात त्याने माझा कान, म्हणजे केंद्र लावायचं बटण, पिरगळला आणि रोजचं केंद्रही हरवलं.

"आता सोंडही लाव," प्रणिता म्हणाली. "गणपतीच झालाय त्याचा."

"वैनी, हसता काय? मालकांना काय सांगू मी?"

आकडे दिसत नव्हते, म्हणून ती ऐकत ऐकत सावकाश कान फिरवत गेली. खरखर, खरखर, आणि एकदम बासरी. संथ, कुठे जायची घाई नसलेली. सूर विरल्यावर एका बाईचा आवाज आला, "पेणहून मी हुमेरा. गाणं संपलं म्हणून लगेच बोलायला पायजे असं नाय. थोडा वेळ गप बसूया." आणि ती खरंच गप्प बसली.

पेण असं कितीसं लांब! इतक्या जवळ हे सगळं वाजत होतं आणि माझा काटा कधी तिकडे वळलाच नव्हता. प्रणिताने लगेच शाडूचा गोळा माझ्या त्या कानावर थापला. कोणी हलवायचं नाही.

मग सासरे जेवायला घरी गेले की ती मला लावायची आणि कोपऱ्यातल्या जुन्या फरशीवर डोळे काढत बसायची. सूर लांबला की पापणीही लांबायची. सासऱ्यांची चाहूल लागली की मी बंद, फरशी साफ.

आज रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या मंडळाची मोठी मूर्ती न्यायला टेम्पो दारात उभा होता. फक्त डोळे राहिले होते. सगळं बंद झालं. हैबतरावांनी उजवा डोळा आखला. सुंदर. डाव्यासाठी रंगात बुडवताना ब्रश वाटीच्या काठावर टकटक वाजला. त्या शांततेत सगळ्यांनी ऐकलं. कोणी मान वर करीना.

प्रणिता उठली आणि तिने मला लावलं.

"काय गो ह्ये? आखणी चाललीय!"

"मामंजी, तुम्ही शांततेत आखता. मला नाय जमत तसं. एकदा असं करून बघू द्या."

हैबतराव उजव्या डोळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ब्रश तिच्यापुढे धरला.

"फरशीवरचे डोळे बघितलेत मी," ते म्हणाले. "पुसत जा नीट."

हुमेराने सारंगी लावली होती. सारंगीचा गज आणि ब्रश बरोबर निघाले, बरोबर थांबले.

"मोऱ्या, आवाज वाढव," हैबतराव म्हणाले. "अरे, तो कान नाय, दुसरा!"

माझं एकच मागणं आहे. हंगाम संपल्यावर कारखाना झाडाल, तेव्हा तो शाडू काढू नका, काच खरवडू नका. आता आकड्यांवाचून माझं काही अडत नाही.

टेम्पो चार वाजता अष्टमीला गेला. मूर्तीचा उजवा डोळा हैबतरावांनी आखलेला आहे, डावा प्रणिताने.