टाकीतून येणारा आवाज

आमच्या मातान्झास शहरात वीज कधी जाईल हे देवालाही ठाऊक नसतं, आणि माझं काम असं की ती सलग साडेसहा मिनिटं टिकायला हवी.

मी रेकॉर्ड केलेली गाणी जुळवून पक्की करते. इतरांची गाणी कॉम्प्युटर दहा सेकंदांत तयार करून देतो. मला मात्र बाबांचा रेकॉर्ड केलेला आवाज अंगणाखालच्या रिकाम्या दगडी टाकीतून फिरवून आणायचा होता. आत एक स्पीकर, एक माईक. आवाज खाली जातो, घुमतो, वर येऊन वाद्यांत मिसळतो आणि तिथल्या तिथे फाईलमध्ये उतरतो. गाणं जेवढं लांब तेवढाच वेळ लागणार. टाकीला घाई कशी करणार, सांगा!

बाबा म्हणजे एवारिस्तो, चाळीस वर्षं रुंबा, म्हणजे ढोलांच्या तालावरची इथली गाणी, गायलेला माणूस. हे गाणं रेकॉर्ड केलं आणि दोनच दिवसांत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आठ महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "आत आता काही उरलेलं नाही." माझ्या धाकट्या भावाला, ओस्मानीला, ते पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? माणूस तर गेलाच, निदान आवाज तरी राहावा, एवढ्यासाठीच माझा जीव तुटत होता.

दुपारी ओस्मानी टाकीच्या लोखंडी झाकणाशेजारी बसून बाबांना भात भरवत होता. मी खिडकीतून ओरडले, "आता कुणी शिंकलं तरी जीव घेईन!"

"ताई, श्वास घेऊ का?"

"घे, पण हळू."

शेजारच्या सोइलामावशींनी रेडिओ बंद केला आणि कोंबडी काखेत दाबून धरली.

मी गाणं सुरू केलं. जमिनीखालून बाबांचा आवाज वर आला. माणूस समोर मान टाकून बसलाय आणि पायाखालून गातोय!

तिसऱ्या मिनिटाला झाकणावर टण्ण झालं. थेट माईकमध्ये!

"ओस्मान्या, गाढवा, तो चमचा..."

पण ओस्मानीचे हात रिकामे होते. चमचा बाबांच्या डाव्या हातात होता. तीन ठोके, मग दोन. पुन्हा तीन, पुन्हा दोन. सगळा रुंबा ज्यावर उभा राहतो तेच पाच ठोके, आणि एकही इकडचा तिकडे नाही. माझं बोट थांबवायच्या बटणावर होतं, ते दाबवेना.

चौथ्या मिनिटाला वीज गेली. स्क्रीन काळी, फाईल गेली, टाकी मुकी. एरवी मी शिव्यांची लाखोली वाहिली असती. पण चमचा थांबला नव्हता.

"अगं बाई," मावशी पुटपुटल्या आणि भिंतीपलीकडून हळूच गाण्याचं ध्रुवपद गाऊ लागल्या. मीही गाऊ लागले. या गाण्यात शेवटाकडे एक जागा आहे, तिथे सगळे थांबतात. चार मात्रा काहीच वाजत नाही.

त्या जागेवर चमचा थांबला.

"दमले बिचारे," ओस्मानी म्हणाला.

मी हात वर केला. एक, दोन, तीन, चार.

टण्ण!

ओस्मानी त्यांचे पाय धरून ढसाढसा रडायला लागला. "बाबा, तुम्ही आत आहात? बाबा?"

बाबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाण्याचं अजून दीड मिनिट बाकी होतं.