तांब्याची वाट

"पाइपात हवा अडकलीये. तीच वाजते," कॅप्टन ट्रेगिअर म्हणाले.

"पंप बंद असतो तेव्हाच वाजतं, कॅप्टन," इद्वाल म्हणाला.

"मग उंदीर असतील."

"उंदरांना हातोडी कोणी दिली?"

पलीकडे ढकलगाडीत दगड भरणारा ग्रिफ खो खो हसला. "बुटके असतील, बुटके! आमची आजी सांगायची, बुटके ठोकतात तिथं सोनं असतं. कॅप्टन, वर्षभर ते नकाशे उलगडून बसण्यापेक्षा एकदा त्यांनाच विचारून बघा की."

कॅप्टन हसले नाहीत. ते कॉर्नवॉलचे, तिकडच्या खाणींतही जमिनीखाली हातोड्या वाजवणारे बुटके राहतात. ते एवढंच म्हणाले, "तू पंप बघ, इद्वाल. भिंती मी बघतो."

इद्वाल प्रिचर्ड हा गार्थ विन खाणीचा पंपवाला. मौदाख नदी समुद्राला मिळते त्या खाडीवरच्या डोंगरात ही खाण. तिथे आधी तांबं निघायचं. तांबं काढणाऱ्यांनी आड येणारा पांढरा गारेचा दगड कित्येक वर्षं बाहेर फेकला, आणि त्याच ढिगाऱ्यात एका पावसानंतर कुणाला तरी पिवळं चमकताना दिसलं. तेव्हापासून खोऱ्याची झोप उडाली. पण इथलं सोनं लहरी. एका कोनाड्यात मूठभर सापडतं, मग वर्षानुवर्षं नुसती गार, काळा पाटीचा दगड आणि शिशाची राखाडी चमक. कंपन्या आल्या, बुडाल्या, गेल्या. खाणीच्या प्रमुखाला इथे कॅप्टन म्हणत; आता ट्रेगिअर कॅप्टनांची कंपनी आली होती. गावातल्या बऱ्याचशा चुली तिच्यावरच पेटत होत्या.

इद्वालचा पंप होता तो तांब्याच्या जुन्या बोगद्यात, डोंगराच्या अगदी पोटात. वर्षानुवर्षं पाण्याखाली असलेला तो बोगदा त्यानेच उपसून मोकळा केला होता. दुपारी जेवायला माणसं वर जात. पंप थंड व्हावा म्हणून तो बंद करी आणि तिथेच बसून भाकरी खाई. आवाज यायचा तो त्याच वेळी. टक्. थोडी उसंत. टक्, टक्. डाव्या हाताच्या भिंतीतून, खांद्याच्या उंचीवरून. थकलेला माणूस हातोडी मारतो, तसा.

घरी त्याने हे सांगितलं नव्हतं. घरी सांगण्यासारखं ते नव्हतंच.

त्याची बायको नेस्ता हिचा धाकटा भाऊ इथेल याच डोंगरात कायमचा राहिला होता. पहिल्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. वरच्या बोगद्याचं छत बसलं आणि इथेल पलीकडे अडकला. तेव्हा खाणीचा मुकादम होता नेस्ताचा बाप, कॅडवालदर ओवेन. त्याने माणसं लावून ढिगारा उपसायला घेतला. पलीकडून ठोके येत होते. पण छत पुन्हा पुन्हा बसू लागलं, एका माणसाचा पाय गेला, दुसऱ्याच्या छातीवर दगड आला. मग ठोके थांबले, आणि कॅडवालदरने माणसं मागे घेतली. पुढे दोन दिवसांनी कुणी तरी धावत सांगत आलं की पुन्हा ठोके येताहेत. कॅडवालदर ढिगाऱ्याजवळ जाऊन कान लावून उभा राहिला, आणि म्हणाला, "बुटके आहेत ते. घरी जा." त्याचं कुणी खोटं ठरवलं नाही. कारण आत होता तो त्याचाच मुलगा.

आता कॅडवालदर म्हातारा झाला होता आणि लेक-जावयाकडे राहत होता. संध्याकाळी नेस्ता बटाटे आणि ताक वाढायची. दोन घास खाल्ले की म्हातारा चमचा खाली ठेवायचा आणि मान वळवायचा.

"दारावर कोण आहे बघ गं."

"कुणी नाही, बाबा. वारा आहे."

"वारा असा थांबून थांबून वाजतो होय?"

तो उठायचा, दार उघडायचा, अंगणात बघून यायचा. नेस्ता ताटावर झाकण ठेवायची. इतकी वर्षं हे चाललं होतं आणि दोघांपैकी कुणीही त्याला एकदाही अडवलं नव्हतं.

म्हणून इद्वालने कुणाला न सांगता पहार उचलली. जेवणाच्या सुट्टीत तो भिंतीला भिडू लागला. बाहेरचा थर कडक होता, आत मात्र काळा दगड पापुद्र्यांनी सुटत होता. काही दिवसांनी पहार एकदम आत गेली आणि हाताला काहीच लागलं नाही. भोकातून थंड, जुनी हवा तोंडावर आली. त्याने भोक रुंदावून दिवा आत धरला.

आधी त्याला बुटाचा तळ दिसला.

पलीकडे माणसाला गुडघ्यावर रांगता येईल एवढं बीळ होतं. कंपनीने खणलेलं नव्हे. एका माणसाने, एका हातोडीने, सुरुंगाची दारू नसताना खणलेलं. गारेच्या कडेकडेने, मऊ काळा दगड फोडत ते वरच्या बोगद्यापासून खाली आलं होतं आणि इद्वालच्या भिंतीपासून हातभरावर संपलं होतं. इथेल कुशीवर निजल्यासारखा पडला होता. हाडं, कोट, बूट. हातोडीचा दांडा कुजून गेला होता. आत वाजण्यासारखं काहीही नव्हतं.

इद्वालने दिवा वर केला. इथेलने कोपऱ्यात वळताना जिथे गार फोडली होती, त्या पांढऱ्या दगडात सोनं होतं. कणभर नव्हे, दोऱ्यासारखं, पानासारखं, शिशाच्या आणि जस्ताच्या काळपट खड्यांतून वर सरकत गेलेलं. कॅप्टन वर्षभर जे शोधत होते ते इथे होतं. इथेलच्या डोक्याशी.

त्याने भोकावर दगड रचले आणि पंप सुरू केला. त्या दिवशी ग्रिफने त्याला दोनदा हाक मारली, तरी त्याला ऐकू गेली नाही.

नेस्ताला त्याने परसात, कोंबड्यांना दाणे टाकत असताना सांगितलं. ती दाणे टाकत राहिली.

"मला बघायचंय," ती म्हणाली.

"बायकांनी खाणीत उतरलं की अपशकुन होतो म्हणतात."

"आता आणखी काय व्हायचं राहिलंय?"

रविवारी सगळं गाव चॅपेलात होतं. बाबांना ग्रिफची बायको घेऊन गेली होती. नेस्ताने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, आणि इद्वालचा जुना कोट चढवून ती त्याच्या मागोमाग बोगद्यात शिरली. खाडीपलीकडून प्रार्थनेचे सूर येत होते. आत शिरल्यावर ते तुटले.

ती त्या बिळात एकटीच गेली. इद्वालने बाहेरून दिवा धरला. मग तिचं बोलणं ऐकू आलं, पण ते इद्वालशी नव्हतं.

"मोजे काढले नाहीस ना रे. ओले मोजे काढावेत, किती वेळा सांगितलं."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काळी भुकटी होती आणि तीत डोळ्यांखालच्या दोन रेघा पांढऱ्या.

"हे एवढं खणायला किती दिवस लागले असतील?" तिने विचारलं.

इद्वालला उत्तर माहीत होतं आणि द्यायचं नव्हतं. "पुष्कळ."

"बाबांनी माणसं मागे घेतली त्यानंतरही?"

"त्यानंतरच जास्त, नेस्ता. आधी तो ढिगाऱ्याकडे ठोकत बसला असणार. मग तिकडून आवाज येईनासा झाला, तेव्हा त्याने इकडे खणायला घेतलं."

"इकडेच का?"

"कारण इथे तांब्याची जुनी वाट आहे. तेव्हा तिच्यात पाणी होतं ते फार तर गुडघाभर. इथे पोचला असता तर चालत बाहेर आला असता."

नेस्ता भिंतीला टेकली. "ही वाट त्याला बाबांनी दाखवली होती. लहानपणी. मीही होते बरोबर." मग ती म्हणाली, "बुजव हे."

"नेस्ता, त्याला मूठमाती..."

"मृत्यूची चौकशी होईल, पंचांसमोर सगळं निघेल. किती जगला, कुठवर आला, कोण कधी घरी गेलं. बाबा समोर बसलेले असतील. बुजव."

"आणि सोनं?" ते बोलताना इद्वालला स्वतःचीच शरम वाटली. "कॅप्टन म्हणतात, इस्टरपर्यंत काही लागलं नाही तर कंपनी गाशा गुंडाळणार. ग्रिफची चार पोरं आहेत. आपलंही घर याच्यावरच चालतं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मला सगळ्यांची पोरं माहीत आहेत. बाबा आहेत तोवर नको. मी पाया पडते तुझ्या."

त्याने भोक बुजवलं. दगड बसवले, फटींत चिखल भरला, वरून काळी भुकटी थापली. कॅप्टन एकदा दिवा घेऊन तिथवर आले, भिंतीवरून हात फिरवून उभे राहिले.

"अजून वाजतं का रे?"

"नाही, कॅप्टन. बंद झालं."

ते खरंच बंद झालं होतं.

इस्टर गेलं आणि खाण बंद झाली. शेवटच्या दिवशी माणसांनी हत्यारं वर आणली, आणि पंप थांबवायला इद्वाल एकटा खाली राहिला. खटका ओढल्यावर आधी नुसती शांतता होती. मग पायाशी पाणी भरू लागल्याचा आवाज आला. तो भिंतीवर तळहात ठेवून उभा राहिला. बूट भिजेपर्यंत हलला नाही.

ग्रिफने घर आवरलं. इंग्लंडात, स्लावला, कारखान्यात काम मिळतंय असं कुणी तरी सांगितलं होतं. बसमध्ये सामान चढवताना त्याने इद्वालच्या पाठीवर थाप मारली. "बुटक्यांनी फसवलं बघ. सोनं असतं तर ठेवलं असतं का आपल्या बापजाद्यांनी?" त्याची बायको बसमध्ये चढून बसली होती आणि खिडकीतून चॅपेलकडे बघत होती. नेस्ताने तिच्या हातात अंड्यांची टोपली दिली. दोघी रडल्या. त्यातली एक कशासाठी रडतेय हे दुसरीला कळायचा काहीच मार्ग नव्हता.

इद्वालला रस्त्यावर खडी फोडायचं काम मिळालं.

एका संध्याकाळी म्हातारा जेवता जेवता थांबला. नेस्ताला वाटलं, दार. पण तो इद्वालकडे बघत होता.

"तू तांब्याच्या वाटेत होतास ना वर्षभर?"

"होतो, बाबा."

"काही दिसलं?"

"पाणी. दुसरं काय असणार?"

म्हाताऱ्याने मान हलवली. "मला ती वाट आठवलीच नाही रे. तेव्हा. सगळे म्हणतात, कॅडवालदरने माणसं मागे घेतली, छातीवर दगड ठेवून घेतली, बाकीच्यांना वाचवलं. ते बरोबरच होतं. आजही तेच करीन. पण मागून जाता आलं असतं. तांब्याच्या वाटेनं. पुढच्या उन्हाळ्यात मेंढ्या कातरत होतो, हातात कात्री होती, आणि एकदम आठवलं. त्या मेंढीला तशीच अर्धवट सोडून दिली मी."

नेस्ता चुलीकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही.

"ठोके थांबले तेव्हा तो लगेच गेला असेल ना, इद्वाल? तुला दगड कळतात. तू सांग."

"लगेच, बाबा. छत पुन्हा बसलं तेव्हाच. त्याला कळलंसुद्धा नसेल."

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. ती नजर मुकादमाची होती. खोटं बोलणाऱ्या माणसाला ती आधी पूर्ण बोलू द्यायची.

"चांगला आहेस तू," तो म्हणाला, आणि त्याने वाडगा पुढे केला. "ताक घाल गं थोडं."

त्याच हिवाळ्यात तो गेला. दारावर कोण आहे, हे शेवटच्या आठवड्यात त्याने एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं नेस्ता म्हणाली.

पुरल्यानंतर काही दिवसांनी इद्वालने विचारलं, "आता?"

"आता काय? कॅप्टन आफ्रिकेत. खाण गळ्यापर्यंत भरलेली. कोण उपसतंय?" मग हळू आवाजात, "तुला सांगायला हवं होतं असं वाटतं का?"

"रोज," इद्वाल म्हणाला. "आणि रोज वाटतं, नाही सांगितलं तेच बरं."

थडग्याचा दगड घडवायला त्यांनी डोल्गेथ्लाय गावच्या पाथरवटाला, टेक्विनला सांगितलं. पाटीच्या दगडावर त्याने कॅडवालदरचं नाव कोरून आणलं होतं. खाली जागा होती. नेस्ता म्हणाली, "त्याच्याखाली माझ्या भावाचं घाल. इथेल ओवेन, कॅडवालदरचा मुलगा."

टेक्विनने खडूने अक्षरं आखली. "मृत्यूची तारीख? छत बसलं तो दिवस माझ्या वडलांनाही पाठ होता. तोच घालतो."

टेक्विनने इद्वालकडे पाहिलं. इद्वाल दगडाकडे बघत होता.

"महिना घाल," शेवटी नेस्ता म्हणाली. "मार्च. आणि वर्ष. दिवस नको."

"अहो, तिथे मोकळं दिसेल. लोकांना वाटेल, मी विसरलो."

"वाटू दे."

टेक्विनने खांदे उडवले आणि छिन्नी लावली. काम संपल्यावर तो चहा प्यायला आत गेला. इद्वाल खाली वाकला. मार्चच्या आधी दोन आकडे बसतील एवढी पाटी गुळगुळीत, कोरी होती. छिन्नीची राखाडी भुकटी तिच्यावर बसली होती. त्याने अंगठा जिभेला लावला आणि तेवढीच जागा पुसून स्वच्छ केली.